टीव्हीच्या बातमीमागचा कॅमेरामन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात राहतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वृत्तवाहिन्यांसाठी कॅमेरा चालवतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअॅपवर, अगदी मोर्चाच्या रेटारेटीतसुद्धा लोक तेच ते प्रश्न विचारतात. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलं. प्रश्न लोकांच्याच तोंडचे ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे आकडा दिलाय, तिकडे बघा.

१. तुम्ही पत्रकार की नुसते शूटिंगवाले?

कागदावर ही दोन वेगळी कामं आहेत. प्रतिनिधी माहिती काढतो, विचारतो, बोलतो. कॅमेरामन दाखवतो आणि आवाज धरतो. मुंबईत त्यासाठी दोन माणसं असतात, सोबत गाडी आणि ड्रायव्हर. जिल्ह्यात बहुतेक वेळा एकच माणूस. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात बूम म्हणजे वाहिनीचा माईक, आणि प्रश्नही त्यानेच विचारायचा. त्यामुळे बोलणारा कॅमेऱ्याकडे बघू की तुमच्याकडे, अशा गोंधळात पडतो. माझ्याकडे बघा. थेट कॅमेऱ्यात बघून बोललात की निवडणुकीची जाहिरात वाटते.

मी आधी लग्नांचं शूटिंग करायचो. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं लागू लागली, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा हॅंडीकॅम होता ते आम्ही तिकडे वळलो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची गोष्ट अशीच आहे.

२. बाईट, बूम, पीटीसी म्हणजे काय?

वाहिनीचं बोधचिन्ह लावलेला माईक म्हणजे बूम. त्यात कुणी बोललं की तो झाला बाईट. प्रतिनिधी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलतो ती पीटीसी. दृश्यांना व्हिज्युअल म्हणतात. फोनवरून नुसता आवाज दिला तर फोनो. काम नेमून देणारा तो असाइनमेंट डेस्क; पुढे नुसतं ‘डेस्क’ म्हटलं की हाच. आणि पगारावर नसलेला, बातमीगणिक पैसे मिळणारा तो स्ट्रिंगर. जिल्ह्यातले बहुतेक जण हेच.

३. दिवस कसा जातो? सकाळी कुठे जायचं ते आधी ठरलेलं असतं का?

निम्मं ठरलेलं असतं. सकाळी सहाला डोळे उघडतात ते फोनकडे. रात्रीतून महामार्गावर काही झालं का, कुठे आग लागली का, नदीला पाणी आलं का. मग दिवसाचे नेमलेले कार्यक्रम: जिल्हाधिकारी कार्यालयावर धरणं, दुपारी पत्रकार परिषद, संध्याकाळी कुणाचा तरी पक्षप्रवेश. साडेनऊच्या आत डेस्कला दिवसाची यादी जाते. त्यातलं जे हवं ते डेस्क सांगतं, आणि बहुतेकदा यादीत नसलेलंच मागतं.

यात काम किती आणि वाट बघणं किती, विचाराल तर वाट बघणंच जास्त. मंत्र्यांचा दौरा असला की सरकारी पत्रकावर ११ ची वेळ असते. ११ ला स्वीय सहायक सांगतो, ‘साहेब निघाले.’ साहेब निघाले म्हणजे अंघोळीला निघाले, हे पहिल्या दोन वर्षांत कळतं. तोवर विश्रामगृहाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे ट्रायपॉडवर एका ओळीत उभे आणि माणसं सावलीत. दुपारी अडीचला ताफा येतो, बाईट मिळतो ४० सेकंदांचा, त्यातले चालतात १२.

वाट बघताना मात्र बसून राहायचं नसतं. रिकाम्या खुर्च्या, सकाळपासून आशेने आलेली माणसं, निवेदनाचा कागद घडी करून-करून मऊ झालेला हात. साहेब आले नाहीत तर हीच बातमी असते.

४. कुठला कॅमेरा वापरता? बॅगेत काय काय असतं?

मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की पोरं तेवढंच विकत घेतात. कॅमेऱ्यापेक्षा बाकीचं महत्त्वाचं. दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि तिसरी चार्जिंगला. दोन कार्डं. वायरचा माईक, कारण वायरलेस ऐन वेळी दगा देतो. माईकचे सेल. पांढरा कागद, व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंग खरे यावेत म्हणून. जाड प्लॅस्टिकची पिशवी, पावसासाठी. रुमाल, उपरणं, पाण्याची बाटली, गुळाची चिक्की. दुचाकीवर फिरणाऱ्याने ट्रायपॉड बांधायला ट्यूबचा रबरी पट्टा ठेवावा, दोरी ढिली होते.

सेटिंग विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. सभागृहातल्या बातम्यांमध्ये पट्टे धावताना दिसतात ते याच चुकीमुळे.

५. मग मोबाईलवर काम होत नाही का?

होतं. आज जिल्ह्यातून जाणारी कितीतरी बातमी मोबाईलवरच शूट होते आणि तिथूनच जाते. पूर्वी आम्ही मिनी डीव्ही कॅसेट पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो, पुढच्या स्टँडवर कुणीतरी उतरवून घ्यायचं. आता शेताच्या बांधावरून पाच मिनिटांत फाइल जाते. अडचण दोन ठिकाणी येते. लांबून घ्यायचं असेल तर मोबाईलचा झूम चित्राचा भुगा करतो. आणि आवाज. माईक न लावता घेतलेला बाईट म्हणजे वारा आणि त्याच्यामागे कुठेतरी माणूस. आधी माईक घ्या, मग फोन बदला. आणि फोन आडवा धरा.

६. शिकायचं कुठे? कोर्स करावा का?

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण मिळतं, ते घ्यावं. कायदा, भाषा आणि लेखन तिथे नीट कळतं. कॅमेरा मात्र रस्त्यावरच शिकावा लागतो.

नव्या पोराला मी पहिला महिना एकच सांगतो: शॉट लावला की हलायचं नाही. मनात दहा आकडे मोज, घाईने नाही, शाळेत कवायतीला मोजायचो तसे. दहा झाल्याशिवाय बटण बंद करायचं नाही. नवा माणूस पाइपाने झाडांना पाणी मारल्यासारखा कॅमेरा फिरवतो, आणि एडिटरला चार सेकंदांचा एक स्थिर तुकडा मिळत नाही. एका जागेचे पाच शॉट: पूर्ण जागा, माणसं, एक चेहरा, हात काय करतायत ते, आणि चेहरा ज्याकडे बघतोय ते. एवढं आणलं की कुठलीही बातमी बसते.

दुसरं, आवाज. भुसावळ स्टेशनवरची बातमी असेल तर गाडी निघताना डबे एकमेकांना ओढतात तो खडखडाट वेगळा ३० सेकंद घेऊन ठेवायचा, कुणी बोलत नसताना. बाजार समितीत लिलावाची हाळी घ्यायची. बिनआवाजाचं चित्र घरातलं माणूस जेवताना बघतसुद्धा नाही.

आणि चाळीसगावला गेलात तर छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून या. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी त्या बंगल्यातच काढला, टेबलावर मांडलेल्या वस्तूंची छायाचित्रं काढत. आमचं काम त्याच्या अगदी उलटं, दारोदार हिंडण्याचं. पण उजेड एका बाजूने आला की साधी वस्तू कशी बोलते हे मला तिथे दिसलं, आणि तेव्हापासून मी बाईटसाठी माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायचं सोडून तिच्या बाजूला बसवतो.

७. पैसे किती मिळतात?

स्ट्रिंगरला बातमीगणिक. चालली तर पैसे, नाही चालली तर पेट्रोल आपलं. दर वाहिनीप्रमाणे वेगळे आणि बिल यायला महिने लागतात. मी स्वतः एका ठिकाणचे सात महिन्यांचे पैसे सोडून दिलेत. म्हणून बहुतेकांचं दुसरं काहीतरी असतंच: स्टुडिओ, शेती, झेरॉक्सचं दुकान. नुसत्या या कामावर लग्न ठरवायला जाऊ नका, मुलीचे वडील पहिला प्रश्न हाच विचारतात आणि बरोबर विचारतात.

८. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन असतं, तेव्हा कॅमेरा चालतो का?

माणसाआधी तो बंद पडतो. पारा ४५ च्या वर गेला की मोबाईल तापून पडदा मंद करतो आणि लाईव्ह चालू असतानाच मान टाकतो. उपाय साधे आहेत. कॅमेऱ्यावर काळं कापड नको, पांढरं उपरणं टाका. ओलं फडकं यंत्राला गुंडाळायचं नाही, बॅगेला बाहेरून गुंडाळायचं. बॅटऱ्या बंद गाडीत ठेवायच्या नाहीत, फुगतात. दोन लाईव्हच्या मध्ये फोन सावलीत उलटा ठेवा. ट्रायपॉडच्या लोखंडी कड्या दुपारी उघड्या हाताने धरता येत नाहीत, हे एकदा पोळल्यावर लक्षात राहतं.

ऊन दाखवायचं कसं, हा वेगळा प्रश्न. बर्फाच्या गोळ्याची गाडी आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या मुली गेली वीस वर्षं दाखवून झाल्या. मी दुपारी दोनला डांबरी रस्त्यावर जवळजवळ आडवा होतो आणि पूर्ण झूममध्ये लांबून येणारा सायकलवाला घेतो. रस्त्यावरची हवा पाण्यासारखी हलते, त्यातून माणूस वितळत-वितळत येतो. त्याला निवेदन लागत नाही.

एक विनंती. गाडीच्या डॅशबोर्डवरचा ४९ चा आकडा दाखवून ‘जळगाव ४९ अंशांवर’ म्हणू नका. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर घेतलेला. गाडीचा आकडा तापलेल्या पत्र्याचा आणि रस्त्याचा. खरा आकडासुद्धा पुरेसा भयंकर असतो.

९. इथे ऊन पडलेलं असतं तरी तुम्ही तापीला पूर दाखवता. जुना व्हिडिओ असतो का?

नाही. तापी उगम पावते मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ, आणि पूर्णा विदर्भातून येऊन मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तिला मिळते. पाऊस तिकडे होतो आणि पाणी इकडे हतनूर धरणात येतं. धरणाला ४१ दरवाजे आहेत. जळगावात कोरडं ठणठणीत असताना त्यातले बरेचसे उघडलेले असू शकतात.

जुना व्हिडिओ फिरतो हे मात्र खरं, आणि दरवर्षी फिरतो. म्हणून मी पुराच्या प्रत्येक शूटिंगमध्ये एक शॉट असा घेतो ज्यात आजची काहीतरी खूण असेल: पुलाला त्या वर्षी मारलेला रंग, नवा फलक. आणि किती दरवाजे, किती मीटरने, किती क्युसेक, हे पाटबंधारे विभागाकडून घेतल्याशिवाय बोलत नाही. ‘सर्व दरवाजे उघडले’ एवढंच म्हटलं की नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसाची झोप उडते.

पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर उभं राहून पीटीसी करायची नाही. घोटाभर पाणी दिसतं, खालची फरशी आहे की वाहून गेली ते दिसत नाही.

१०. सातपुड्यात रेंजच नाही, तिथून बातमी कशी पाठवता?

उतरून. अक्कलकुवा किंवा धडगाव भागातल्या पाड्यावर शूटिंग केलं की जिथे दोन कांड्या दिसतील त्या वळणापर्यंत खाली यायचं. तिथल्या लोकांना ही वळणं पाठ असतात, एखाद्या झाडाखाली चार-पाच पोरं फोन वर धरून उभी दिसली की समजायचं. आधी छोटी फाइल पाठवायची, २० सेकंदांची, म्हणजे डेस्क बातमी सुरू करतं. मोठी मागून.

तिथली सगळ्यात जास्त मागितली जाणारी दृश्यं झोळीची असतात: रस्ता नाही म्हणून बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून दवाखान्यात नेताना. ती दाखवायलाच हवीत. पण मी पुढून घेत नाही. मागून किंवा बाजूने, खांदा देणाऱ्यांचे पाय, निसरडी पायवाट, बदली खांदा घेताना थांबतात तो क्षण. बाई दुखण्यात असते, तिला परवानगी विचारणं म्हणजे नुसता उपचार, म्हणून तिचा चेहरा नकोच. आणि चौघांपैकी एक दमला असेल तर कॅमेरा ठेवून खांदा द्यायचा. (याच धर्तीचं १६ मध्ये.)

११. काठीची होळी किंवा सारंगखेड्याची यात्रा शूट करायला यायचं आहे. काय काळजी घ्यावी?

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. तिथल्या राजवाडी होळीला रात्रभर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटते. म्हणजे बॅटरी पहाटेसाठी राखा. रात्री दहालाच सगळं संपवून गाडीत झोपलेले कॅमेरामन मी पाहिलेत. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर ज्वाळा पांढरी फटक आणि माणसं काळी येतात. एक्स्पोजर चेहऱ्यांवर हाताने लावा, आणि आगीवर व्हाइट बॅलन्स करू नका, सगळं निळं पडेल. मोरपिसांचा टोप घातलेल्या बुध्यांच्या तोंडावर लाइट मारायचा नाही. ते नवस फेडायला नाचतायत, आपल्यासाठी नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या मागे उभं राहू नका आणि ड्रोन खाली आणू नका (१९ पाहा). काळ्या घोड्याचं चित्र सकाळच्या तिरप्या उन्हातच चांगलं येतं, दुपारी नुसता काळा ठोकळा.

१२. वादळात आमची केळी झोपली. तुम्ही येऊन तासभर शूटिंग केलंत आणि दाखवलंत २० सेकंद. असं का?

ही तक्रार रावेर, यावल, चोपड्याकडून दर मे-जूनला येते आणि ती रास्त आहे.

वाहिनीवर एका बातमीला जेवढा वेळ असतो त्यात तुमच्या बागेला तेवढाच येतो. त्या दिवशी मुंबईत कुणी पक्ष बदलला तर तोही जातो. हे मी बदलू शकत नाही. मी करू शकतो ते एवढंच की त्या २० सेकंदांत बाग दिसली पाहिजे, नुसतं आडवं हिरवं नाही. केळीची बाग पडते तेव्हा लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही, पानं हिरवीच असतात. मी आत शिरतो. खोड मध्यावर मोडलेलं असतं, आत पांढऱ्या पाकळ्यांसारखे थर, त्यातून पाणी गळत असतं. घड जमिनीत रुतलेला, कापणीला आठ दिवस राहिलेला. चालताना पायाखाली करकर वाजतं. केळीचा चीक कपड्यांना आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लागतो, आधी दिसत नाही, दोन दिवसांनी काळा डाग उमटतो आणि कधी जात नाही. माझे तीन शर्ट फक्त या कामाचे आहेत.

शेतकऱ्याला मी ‘कसं वाटतंय’ विचारत नाही. किती खोडं लावली होती, खर्च किती झाला, भाव काय चालला होता, व्यापारी कधी येणार होता, हे विचारतो. तो हिशेब सांगू लागतो, आणि हिशेब सांगता सांगता गप्प होतो. तिथे कॅमेरा बंद करायचा नाही आणि पुढेही सरकायचं नाही.

आमच्या व्हिडिओवर भरपाई मिळत नाही हेही इथेच सांगतो. पंचनामा महसूल आणि कृषी खात्याची माणसं करतात. फळपीक विमा असेल तर विमा कंपनीला वेगळं कळवावं लागतं. आम्ही येईपर्यंत थांबू नका, आणि आमच्यासाठी बाग तशीच पडून ठेवू नका.

१३. टीव्हीवर अहिराणीत बोललं तर चालतं का? ‘शुद्ध बोला’ म्हणतात.

चालतं. शुद्ध बोलायला लावलं की माणूस शाळेत उभा केल्यासारखा बोलतो, आणि बातमी मरते. साक्रीकडच्या एका म्हातारबाबांना माझ्यासोबतच्या प्रतिनिधीने तीनदा मराठीत बोलायला लावलं, तिन्ही वेळा ते ‘आमचे नुकसान झालेले आहे’ एवढंच म्हणाले. माईक खाली घेतल्यावर मला म्हणाले, ‘समदं गयं भाऊ, काहीच नही राह्यनं.’ कॅमेरा चालूच होता. त्यांना विचारून तेच पाठवलं, खाली मराठी ओळ टाकली. पावरी किंवा भिली ही आदिवासी बोली असेल तर मात्र सोबत जाणकार माणूस हवाच. अंदाजाने भाषांतर करायचं नाही.

१४. मोर्चात तुम्ही ‘पुन्हा एकदा घोषणा द्या’ म्हणता. मग ती बातमी खरी कशी?

अर्धा आळ मान्य. निवेदन देतानाचा क्षण हुकला तर ‘साहेब, जरा परत हातात घ्या’ असं आम्ही म्हणतो. ते नाटकच आहे, पण घडलेल्या गोष्टीचं, आणि दोन्हीकडच्यांना माहीत असलेलं. त्यापुढे नाही. टायर पेटवायला, पुतळा जाळायला, दूध ओतायला सांगायचं नाही, आणि कुणी ‘तुम्ही आलात की पेटवतो’ म्हणून फोन केला तर आधी पोहोचायचं नाही. कॅमेरा नसता तर जे झालंच नसतं ते शूट करू नये, एवढी माझी रेघ आहे. ती दरवेळी पाळली गेली असं म्हणत नाही.

१५. पत्रकार परिषदेत पाकीट मिळतं म्हणतात, खरं का?

मिळतं. घेणारे आहेत, न घेणारे आहेत. मी घेत नाही, कारण उद्या त्याच माणसाच्या कारखान्यातली सांडपाण्याची बातमी करायला जायचं असतं आणि वॉचमन मला ओळखतो. शेवभाजी-भाकरीचं जेवण खातो. त्यावर कुणाला आक्षेप असेल तर दुपारी तीनला उपाशी उभं राहून बघा.

१६. अपघातात मदत करायची सोडून शूटिंग कसं करवतं?

१०८ ला फोन आधी, मग ११२ ला. मी पहिला पोहोचलो असेन तर कॅमेरा गाडीतच राहतो. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तसं संरक्षण आहे. हे लोकांना माहीत नाही म्हणून लोक लांब उभे राहतात. मदतीला पुरेसे हात आले की मग मी कॅमेरा काढतो. मृतदेह घेत नाही. चपला, रस्त्यावरची काच, उघडा पडलेला डबा, वळणावरचा नसलेला फलक, एवढं पुरतं. डबा दाखवायचा की नाही यावर माझं स्वतःशीच अजून भांडण चालू आहे, कारण घरचे डबा ओळखतात.

१७. चेहरा कधी झाकता? आणि नुसता चेहरा झाकला की झालं का?

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. लहान मुलांसाठी पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३. गुन्ह्यात अडकलेल्या अल्पवयीन मुलाची ओळखही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकलेली आहे.

शहरातल्या डेस्कला एक गोष्ट कळत नाही. दीड हजार वस्तीच्या गावात घराचं दार, दारातली निळी टाकी किंवा काकाचा बाईट दाखवला की ओळख उघडीच पडली. म्हणून अशा बातमीत मी गाव येतानाचा फलकसुद्धा घेत नाही. घेतलाच नाही तर कुणी चुकून लावणार नाही. आत्महत्येच्या बातमीतही तसंच: कशाने, कुठे, कसं, यातलं काही दिसू द्यायचं नाही.

१८. पोलीस किंवा जमाव फुटेज डिलीट करायला लावू शकतात का? कॅमेरा फोडला तर?

पोलिसांना पुरावा म्हणून हवं असेल तर रीतसर जप्ती करता येते, त्याचा कागद मागा. ‘आत्ताच्या आत्ता डिलीट कर’ याला कायद्याचा आधार नाही. जमावाशी मात्र कायदा बोलत बसू नका. मी चालू कार्ड खिशात आणि रिकामं कार्ड कॅमेऱ्यात टाकायला शिकलोय. दगडफेकीत पोलीस आणि जमाव यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, पाठीला बंद शटर किंवा भिंत हवी, आणि डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट.

हल्ला झालाच तर महाराष्ट्रात प्रसारमाध्यमांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली नाही. स्ट्रिंगरची गोची अशी की वाहिनीने नेमल्याचा कागदच नसतो. तो आधी मागून घ्या, हल्ल्यानंतर कुणी देत नाही.

१९. ड्रोन उडवू का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, बाकीच्यांची नोंदणी लागते. ग्रीन झोनमध्येही १२० मीटरच्या वर जायचं नाही. जळगावात विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. सभा, मिरवणूक, धरण असेल तर पोलिसांना आधी विचारा. सगळ्याच बातम्या वरून चांगल्या दिसतात असं नाही.

२०. मतदान केंद्रात आत जाता येतं का?

निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र असेल तरच, आणि तेव्हाही यंत्रापाशी नाही. कुणी कुणाला मत दिलं ते दिसता कामा नये. १३ मे २०२४ ला जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं लोकसभेचं मतदान होतं, धुळ्याचं २० मे ला. दोन्ही वेळा मी सगळा दिवस बाहेरच्या मांडवात काढला आणि चांगली चित्रं तिथेच होती: उन्हाला पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्या, एकमेकींच्या बोटाची शाई बघताना.

२१. बातमी ओळखीच्याच घरात झाली तर कॅमेरा काढता का?

जिल्ह्यात ओळखीचं नसलेलं घर कुठलं? एकाच गावात मी लग्न शूट केलेलं असतं, सरपंचाची निवड शूट केलेली असते, आणि मग हे.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने जीव दिला. नेते भेटीला येणार होते, त्यामुळे सगळ्या वाहिन्या गावात. मी दारात पोहोचलो आणि त्याच्या बायकोने मला ओळखलं. तिचं लग्न मीच शूट केलं होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, ‘भाऊ, ती कॅसेट आहे का तुमच्याकडे? आमच्याकडची उंदरांनी खाल्ली. यांचा आवाज त्याच्यातच आहे.’

मी अंगणातले दोन शॉट घेतले, नेत्यांची गाडी घेतली आणि निघालो. घरी येऊन माळ्यावरच्या ट्रंका काढल्या. कॅसेट सापडली, ती वाजवणारं यंत्र नव्हतं. माझा जुना हॅंडीकॅम कधीच मेलेला. भुसावळच्या एका स्टुडिओवाल्याकडे चालू असलेला मिळाला. तिथे बसून तासभराची कॅसेट उतरवून घेतली. उखाण्याच्या वेळी तो दोनदा अडखळतो, मागून कुणीतरी हसतं, आणि मग तो बायकोचं नाव घेतो.

त्याच संध्याकाळी डेस्कचा फोन आला. मृताचे जुने व्हिज्युअल कुणाकडे असतील का, लग्नाचे वगैरे. मी सांगितलं, कॅसेट होती, पण खराब झाली.

पेनड्राइव्ह तेराव्याच्या आदल्या दिवशी नेऊन दिला.